हिवरदऱ्याच्या घाटातला फोटो

"अजून मागं हो," अण्णा पलीकडच्या बांधावरून ओरडले. "अंगावर येतील बैल."

"मागं झाले तर मुंग्यांएवढे दिसतील," मी झोपल्या जागेवरूनच उत्तर दिलं.

हिवरदऱ्याची यात्रा होती. चैत्रातलं ऊन तापलेलं, आणि मी घाटाच्या वरच्या टोकाला मातीत पालथी पडले होते. आमच्या जुन्नर भागात शर्यतीच्या घाटाचा अर्थ वेगळा. गावाबाहेर चढावर दोन्ही बाजूंनी बांध घालून आखलेली धावपट्टी, तिला घाट म्हणतात. पुढं घोडी धावते, तिच्या मागं चार बैल जुंपलेला हलका गाडा. गाड्यात माणूस नसतो. बैल घोडीच्या मागं जीव तोडून चढ चढतात आणि वर निशाण पडलं की बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते. सगळा मामला काही सेकंदांचा.

निशाण हातात घेऊन कोंडीभाऊ उभे होते. पन्नाशीचा माणूस, धोतर, पांढरी टोपी, कपाळभर भंडारा. मला तिथं आडवी झालेली पाहून ते मघापासून अस्वस्थ होते.

"ताई, हितं पंचबी झोपत न्हाईत," ते म्हणाले. "बैल हाय तो. त्याला काय कळतं, फोटूवाली कोन आन् धोंडा कोन."

"बांधाला चिकटून आहे मी."

"औटी साहेब," त्यांनी अण्णांना हाक मारली, "सांगा की पोरीला!"

अण्णांनी हात उडवला. "ऐकते का कुणाचं? त्या जत्रेतल्या आरशापायी जीव देईल एखाद्या दिवशी."

जत्रेतला आरसा म्हणजे माझी फिशआय. माशाच्या डोळ्यासारखी फुगीर काच असलेली ती लेन्स मी लग्नांचे फोटो काढून साठवलेल्या पैशांतून घेतली होती. तिच्यातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळं येतं. आभाळ, जमीन, दोन्ही बाजूंची माणसं, नीट धरलं नाही तर स्वतःचे बूटसुद्धा. सरळ रेषा वाकतात, क्षितिज धनुष्यासारखं होतं. पण ती सगळं लांब ढकलते. हातभरावरची वस्तू दहा हातांवर असल्यासारखी दिसते. म्हणून तिच्यातून काही दाखवायचं तर अगदी जवळ जावं लागतं, नाकाला नाक लागेल इतकं. अण्णांना ती काच मुळीच आवडायची नाही. यात्रेत पोट धरून हसवणारे आरसे असतात, त्यातलाच हा प्रकार, असं त्यांचं मत.

अण्णा म्हणजे माझे वडील, मुरलीधर औटी. नारायणगावात बाजारपेठेत आमचा स्टुडिओ, आणि पंचवीस वर्षं ते पुण्याच्या एका दैनिकासाठी फोटो काढायचे. पूर, मोर्चे, बिबट्या, साखर कारखान्याच्या निवडणुका. तालुक्यात काही घडलं की अण्णांची मोटारसायकल तिथं. मी लहान असताना पहिल्या पानावर त्यांचं नाव आलं की आई ते पान देव्हाऱ्याशेजारी ठेवायची. पण मोबाइलवर फोटो निघायला लागले, वार्ताहर स्वतःच फोटो पाठवायला लागले, आणि दैनिकाकडून अण्णांना बोलावणं येणं हळूहळू बंद झालं. कुणी काढून टाकलं नाही. नुसता फोन वाजायचा थांबला. त्याच सुमारास माझा एक फोटो गाजला होता. गावच्या विहिरीत उडी मारणारी पोरं मी विहिरीच्या तळाच्या पायरीवर बसून फिशआयनं टिपली होती. मुंबईच्या एका मासिकानं तो दोन पानं भरून छापला. अण्णांनी तो अंक हातात घेतला, उलटून पाहिला, आणि म्हणाले, "विहीर वाकडी आलीय."

त्या दिवशी दोघंही एकाच यात्रेला आलो होतो. ते त्यांची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन समोरच्या बांधावर, मी माझी गोल काच घेऊन अलीकडच्या बांधाच्या पायथ्याशी. मध्ये घाटाची रुंदी.

मी कॅमेरा बर्स्टवर ठेवला होता. बटण दाबून ठेवलं की एकामागून एक फोटो निघत राहतात, बोट उचलेपर्यंत. धावत्या बैलांचा एकच क्षण पकडायला जाल तर हमखास चुकतो. पाय कुठंतरी असतात, शेपटी कुठंतरी. बर्स्टमध्ये निदान एखाद्या फोटोत चारही बैल जमिनीच्या वर सापडतात. मला तोच हवा होता.

खालून भोंग्यावर गाडामालकाचं नाव पुकारलं गेलं. भंडाऱ्याचे पिवळे लोट उठले. "झाली...!" अशी आरोळी आली आणि चढावर धुरळा उठला. मी डोळा काचेला लावला.

घोडी बाजूनं निघून गेली. मागून बैल. काचेतून ते लांब दिसत होते, छोटे, खेळण्यातल्यासारखे. मी बटण दाबलं. कॅमेरा धडधडायला लागला. बैल मोठे व्हायला लागले, पण अजून लांबच होते. मला हवे तेवढे जवळ नव्हते. मी मनात म्हणत होते, अजून, अजून थोडं. मग एकदम काचेत फक्त एक काळा खूर होता आणि त्याच्या मागं आभाळ.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. तोंडात माती आणि भंडारा. कुणीतरी माझ्या शर्टाची कॉलर धरून ओढतंय, गळा आवळला जातोय. डावा पाय माझा नाहीच असं वाटलं. मग अण्णांचा चेहरा माझ्यावर वाकलेला, आणि त्यांचा आवाज: "हर्षे, हर्षे, बघ माझ्याकडं."

उजवीकडचा बैल बुजून बांधाकडं आला होता. गाड्याचं चाक माझ्या गुडघ्यावरून गेलं.

पुण्याच्या इस्पितळात दोन ऑपरेशनं झाली. गुडघ्यात पट्ट्या आणि खिळे बसले. डॉक्टर म्हणाले, पाय राहिला हेच नशीब. पण मांडी घालून बसणं आता विसरा, आणि काठी कायमची.

मी गुंगीतून बाहेर येत होते त्या दिवसांत अण्णांनी काढलेला फोटो छापून आला. आईनं तो पेपर इस्पितळात आणला. पहिलं पान. वरपासून मधल्या घडीपर्यंत एकच फोटो. खाली मातीत मी, पालथी, चेहरा कॅमेऱ्याआड. माझ्यावर चार बैल अख्खे उसळलेले. सगळ्यात जवळच्या बैलाचे पुढचे पाय हवेत, आणि धुरळ्यातून आलेला उन्हाचा पट्टा नेमका त्या खुरांवर. मी फोटोग्राफर आहे. खोटं कशाला बोलू. तो अप्रतिम फोटो होता.

खाली मजकूर होता. 'हा फोटो टिपताच ज्येष्ठ छायाचित्रकार मुरलीधर औटी यांनी हातातला कॅमेरा फेकून थेट बैलांसमोर उडी घेतली आणि मुलीचे प्राण वाचवले.'

"देव माणूस आहे," आई डोळे पुसत म्हणाली. "जिवाची पर्वा केली नाही. आयुष्यात त्यांना विसरू नकोस हर्षे."

विसरायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतरचे काही महिने अण्णांनी माझं जे केलं ते कुठलाही बाप करणार नाही. मला उचलून न्हाणीघरात नेणं, पायाला तेल चोळणं, व्यायाम करून घेताना मी रडले की स्वतःच खिडकीत जाऊन उभं राहणं. सकाळी उठून माझ्यासाठी नाचणीची पेज करायचे. पूर्वी स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेला माणूस! मी त्यांच्याकडं पाहायचे आणि मला स्वतःची लाज वाटायची, की या माणसाला मी मनातल्या मनात म्हातारा, जुनाट म्हणत होते.

आणि फोन पुन्हा वाजायला लागला होता. दैनिकाच्या संपादकांचा स्वतःहून आला. एका टीव्हीवाल्यानं मुलाखत घेतली. पावसाळ्याच्या अखेरीस बातमी आली, छायाचित्रकारांच्या एका मोठ्या संस्थेनं त्या फोटोला वर्षातला सर्वोत्तम म्हणून निवडलंय; पुण्यात सोहळा. अण्णांनी नवा सफारी शिवायचा ठरवला.

त्याच आठवड्यात दुपारी कोंडीभाऊ घरी आले. अण्णा सफारीचं माप द्यायला गेले होते, आई दळण आणायला. मी पडवीत काठी टेकून येरझाऱ्या घालत होते. कोंडीभाऊंनी पिशवीतून तोंडली काढून पायरीवर ठेवली. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता, नख गेलेलं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी हात मागं घेतला. "त्या दिशी आलं चाकाखाली. तुमाला वढताना."

"तुम्ही ओढलंत मला?"

ते पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई," ते म्हणाले. "मी म्हनत होतो, निदान पोरीला तरी ठावं आसंल."

"अण्णा पण होते ना?"

"आले की. आले. नंतर आले." त्यांनी घसा खाकरला. "ताई, मला कायबी नगं. पन आमच्या वस्तीवर पेपर आला. मी आधी सांगून बसलो हुतो समद्यांना, की मी वढली पोरगी. आता समदे हसत्यात. सून म्हनती, मामंजी, कशाला थापा मारता, पेपरात छापलंय की फोटूवाल्यानं उडी मारली. नातू बी हसतो. अंगठा बी म्हनं पान्याच्या मोटरीत गेला आसंल." त्यांनी मान वर केली. "तुमी काढत हुता ना फोटू? त्यात आसंल का मी? यखादा जरी दिला तर..."

माझा कॅमेरा त्या दिवसापासून कपाटात होता, पिशवीसकट, मातीसकट. लेन्सची पुढची काच फुटली होती. मी त्याला हात लावला नव्हता. आई म्हणायची, टाकून दे. अण्णा म्हणायचे, कार्ड बिघडलं असेल, धूळ गेलीय आत, बघू नकोस, उगीच त्रास होईल. मलाही बघायचं नव्हतं. कुणाला आपल्याच अंगावर येणारा खूर पुन्हा बघायची हौस असते?

पण कोंडीभाऊ पायरीवर बसले होते. मी आत गेले, कार्ड काढलं, पुसलं आणि कॉम्प्युटरला लावलं.

कार्डाला काही झालं नव्हतं.

एकामागून एक फोटो उघडत गेले. पहिल्या काहींमध्ये बैल छोटे, घाट केळीच्या पानासारखा वाकलेला. मग मोठे होत जाणारे. मला हवा होता तो, चारही बैल हवेत असलेला फोटो, त्यात होता. मी त्यावर थांबलेसुद्धा नाही. मग खूर. मग नुसती तपकिरी धूळ. इथं सगळं संपायला हवं होतं. पण कॅमेरा हातातून पडला नव्हता. माझं बोट बटणावर आवळलं गेलं होतं, आणि मी खाली मातीत पडले असताना तो तसाच फोटो काढत राहिला होता. तिरके, अर्धं आभाळ आणि अर्धी जमीन असलेले, फुटलेल्या काचेतून आलेले.

त्यांत कोंडीभाऊ होते. म्हणजे त्यांचे पाय होते. धोतर खोचलेलं, पोटऱ्या धुळीनं माखलेल्या, कॅमेऱ्याच्या दिशेनं धावत येणाऱ्या. एकात मातीत पडलेलं निशाण. एकात एक हात, बोटं ताणलेली, अगदी काचेजवळ, म्हणून राक्षसासारखा मोठा. चेहरा कुठल्याच फोटोत नव्हता.

मी चेहरा शोधत होते. फोटो मोठा करून कडा तपासत होते. फिशआयच्या कडेला माणसं चपटी होतात, वाकतात, ओळखू येत नाहीत. वरच्या डाव्या कोपऱ्यात समोरचा बांध आला होता. बांधावर एक माणूस उभा होता. मी आणखी मोठं केलं. निळा शर्ट. कोपरं पोटाशी घट्ट धरलेली. चेहऱ्यासमोर लांब काळी लेन्स.

मी मागचा फोटो उघडला. तिथंच. पुढचा उघडला. तिथंच. खूर अंगावर असलेल्या फोटोत अण्णा बांधावर होते. धुळीच्या फोटोत अस्पष्ट, पण होते. कोंडीभाऊंचे पाय धावत येणाऱ्या फोटोंत होते. राक्षसाएवढा हात माझ्याकडं येत होता त्या फोटोतही होते. फक्त आता त्यांची लेन्स खाली झुकली होती. बैल पुढं गेले होते, गाडा माझ्यापाशी बांधाला अडकला होता, आणि ते माझे फोटो काढत होते.

"सापडलो का?" पडवीतून कोंडीभाऊंनी विचारलं.

मी त्यांना आत बोलावून त्यांचे पाय दाखवले. ते वाकून बघत राहिले.

"ह्ये माझंच," ते म्हणाले. "ही जखम बगा, पायाची. पन वस्तीवरचे काय म्हनतील ठावं हाय का? पाय काय, कुनाचंबी आसत्यात."

"मी सांगेन," मी म्हणाले. "पुण्यात कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर सांगेन."

ते तोंडली ठेवून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

अण्णा संध्याकाळी आले. मी फोटो तसाच उघडा ठेवला होता. ते खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"ही काच सगळंच गिळते," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही उडी कधी मारलीत?"

"हर्षे, दोन सेकंदांचा खेळ होता. त्यात माणूस..."

"ते मी विचारत नाहीये. त्या दोन सेकंदांत मीही काही केलं नसतं. पाय जायचा तो गेलाच असता." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "मी नंतरचं विचारतेय. कोंडीभाऊ धावले, पोचले, मला ओढलं. तोवर तुम्ही बांधावर होता."

मग त्यांनी मला जरा बाजूला सरकायला सांगितलं, स्वतः खुर्ची ओढून घेतली आणि आपले फोटो उघडले. माझ्याकडं न बघता, एकेक करून, त्यांनी मला ते दाखवले. पेपरात आलेला एक. त्यानंतरचे कितीतरी. चाक गुडघ्यावर चढताना. माझं तोंड उघडलेलं, मान वळलेली. कोंडीभाऊ माझ्यावर ओणवे झालेले, अगदी स्पष्ट, टोपी उडालेली, चेहरा वेदनेनं वाकडा झालेला. अंगठा तेव्हाच चाकाखाली होता. सगळे फोटो लख्ख होते. कुठेही हात हललेला नव्हता.

"हे मी कुणाला दिले नाहीत," अण्णा हळू म्हणाले. "संपादक मागत होते. मी म्हटलं, नाही. यात पोरीचा चेहरा दिसतो, ती ओरडतेय. बापाला एवढं कळतं."

ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला जपलं.

"मग उडीचं का सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? त्या वार्ताहरानं विचारलं, फोटो काढला, मग तुम्ही काय केलंत? आता काय सांगणार होतो मी?" ते थोडे चिडले. "आणि सांगितलं तेव्हा मला स्वतःलाच खरं वाटलं. मी धावलो होतोच की. आलो होतो ना तुझ्याजवळ?"

"कोंडीभाऊंचं नाव का नाही घेतलं?"

"एका फोटोत दोन-दोन वाचवणारे आले की गोष्ट पांगते," अण्णा म्हणाले. मग एकदम थांबले. आपण काय बोललो ते बहुधा त्यांच्याही कानावर तेव्हाच पडलं. ते उठले. दारात जाऊन म्हणाले, "तू मला धुळीला मिळवू शकतेस. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शाल घालणार आहे. पण तुला वाटत असेल तर सांग. मी अडवणार नाही. आधी आईला सांग."

मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना. तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, कोपरा मोठा केला, निळ्या शर्टावर बोट ठेवलं. हाच शर्ट तिनं यात्रेच्या सकाळी इस्त्री करून दिला होता.

"हे अण्णा, आई. आणि इथं खाली मी आहे. आणि हे कोंडीभाऊंचे पाय."

आईनं पदरानं चष्मा पुसला. पुन्हा घातला. बराच वेळ बघितलं. चित्र तिच्या चष्म्यात दिसत होतं, दोन्ही काचांमध्ये निळा ठिपका.

"इतकं बारीक मला दिसत नाही," ती म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून उठून गेली. गॅसवर दूध नव्हतं.

सोहळा मोठ्या नाट्यगृहात होता. व्यासपीठावर मागं तो फोटो, भिंतभर. माझ्या पाठीवर उसळलेले बैल घरांएवढे झाले होते. निवेदिकेनं गोष्ट सांगितली, पेपरात होती तशीच, वर थोडा मसाला घालून. बापाच्या काळजाबद्दल बोलताना तिचा आवाज दाटला. पुढच्या रांगेत आई रडत होती. अण्णांना शाल, श्रीफळ, मानचिन्ह देण्यात आलं. ते चार वाक्यं बोलले. त्यात उडीचा उल्लेख त्यांनी केला नाही. करायची गरजच नव्हती. मग निवेदिका म्हणाली, "आणि आता त्यांची लाडकी कन्या हर्षदा आपल्या बाबांविषयी दोन शब्द बोलेल."

मला पायऱ्यांवरून चढायला वेळ लागला. लोक टाळ्या वाजवत राहिले. पाय ओढत येणाऱ्या माणसासाठी लोक जास्तच टाळ्या वाजवतात, हे मला तेव्हा समजलं.

मी माइक हातात घेतला. अण्णा माझ्याकडं बघत होते. इतका भेदरलेला चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता, पुढंही नाही. शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

"मला अण्णांनी वाचवलं नाही," मी म्हणाले. "मला हिवरदऱ्याच्या कोंडीभाऊंनी ओढून काढलं. ते निशाणावर होते. त्यांचा अंगठा त्यात कायमचा गेला. त्यांच्या गावात लोक त्यांना खोटं ठरवतायत. म्हणून सांगते. अण्णा तेव्हा बांधावर होते. ते फोटो काढत होते."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी विचारेल.

निवेदिकेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"बघा," ती म्हणाली, "किती हा विनय! संकटात धावून येणाऱ्या गावकऱ्यांनाही ही लेक विसरली नाही. आणि कलावंत कसा असतो? मुलीवर संकट असतानाही ज्याची कर्तव्यावरची नजर ढळली नाही! अशा बापाला आणि अशा मुलीला, जोरदार टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. आई उभी राहिली. माझ्या हातातला माइक कुणीतरी अलगद काढून घेतला.

मग फोटोग्राफर पुढं आले. पुण्यातले सगळेच होते, काहींना मी ओळखत होते. "सर, इकडं. हर्षदा, इकडं बघ. सर, हात ठेवा तिच्या खांद्यावर." अण्णांनी हात ठेवला. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. ते माझ्या कानाशी वाकलेही. मी वाट पाहिली, कारण त्या क्षणी एक शब्द जरी आला असता तरी मी त्यांना माफ करून टाकलं असतं. मला माफ करायचंच होतं.

अण्णांनी समोरच्या लेन्सांकडं एकदा नजर टाकली, उजेड कुठून येतोय ते पाहिलं आणि पुटपुटले,

"काठी जरा पुढं घे. दिसू दे."